पाटी, पेन्सिल आणि टॅब्लेट

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरील आसनगाव हे शहापूरचे स्थानक. तानसा, भातसा यांसारख्या जलाशयांतून मुंबई-ठाण्याची तहान भागविणारा हा तालुका स्वतः मात्र वर्षानुवर्षे पाणीटंचाई आणि भारनियमनासाठी ओळखला गेला. याच तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेची छोटी प्राथमिक शाळा राज्यातील पहिली डिजिटल शाळा म्हणून नावारूपाला आली. २०१०च्या दशकाच्या पूर्वार्धात तेथील शिक्षक संदीप गुंड यांनी ग्रामस्थांच्या मदतीने वर्गात संगणक, पडदा आणि टॅब्लेट आणले. विजेचा भरवसा नसल्याने सौरऊर्जेचा आधार घेतला. पुढे राज्यभरातील शिक्षकांचे जथे हा प्रयोग पाहण्यासाठी पाड्यावर येऊ लागले आणि लोकसहभागातून डिजिटल शाळा उभारण्याची लाट महाराष्ट्रात पसरली.

आता टॅब्लेट ही शहरी घरांतही नवलाईची वस्तू राहिलेली नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील पालकांना प्रश्न पडतो तो वेगळाच. ज्या मुलाला अजून अक्षरओळखही नीट झालेली नाही, त्याच्या हाती शाळेने पडदा द्यावा काय? दिला, तर किती वेळ आणि कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याजोगा अनुभव गेल्या दोन दशकांत आपल्याकडे आणि जगातही गाठीशी आला आहे.

तिसरीचा उंबरठा

प्राथमिक शाळेची पहिली तीन वर्षे ही वाचायला शिकण्याची असतात. त्यानंतर मूल वाचून शिकू लागते. तिसरीच्या अखेरीस ज्याला सलग वाचता येत नाही, त्याला चौथीपासूनची सर्वच पुस्तके परकी होतात. ‘असर’ या ग्रामीण सर्वेक्षणानुसार देशातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८मध्ये २७.३ टक्के होती. करोनाकाळानंतर, २०२२मध्ये, हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर घसरले आणि २०२४मध्ये पुन्हा २७.१ टक्क्यांपर्यंत आले. म्हणजे घसरण भरून निघाली, तरी चारांपैकी जवळजवळ तीन मुले अजूनही मागेच आहेत. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन व अंकज्ञान यावे, यासाठी २०२६-२७ची मुदत ठेवली, ती याच कारणाने.

एका वर्गात तीस मुले आणि त्यांच्या पाच निरनिराळ्या पातळ्या, ही शिक्षकाची खरी अडचण असते. कोणी वाक्ये वाचतो, कोणी अजून ‘म’ आणि ‘भ’ यांत गोंधळतो. टॅब्लेटचा उपयोग झालाच, तर तो या ठिकाणी होऊ शकतो.

खैराटपासून टांझानियापर्यंत

टॅब्लेट येण्यापूर्वीच महाराष्ट्राने या वाटेवर एक पाऊल टाकले होते. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोग २००७मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत सुरू झाला. पहिली ते चौथीची मुले एकाच खोलीत बसत आणि त्यांच्या हाती हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले. मुलांची उत्सुकता प्रचंड होती. परंतु उत्सुकता म्हणजे शिक्षण नव्हे, हे या योजनेने अन्यत्र दाखवून दिले. पेरू देशातील ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांना लॅपटॉप मिळाले आणि ते वापरलेही गेले. पण गणित व भाषेच्या चाचण्यांत फरक पडला नाही. उपकरण दिले होते, वर्गातील शिकविणे मात्र पूर्वीसारखेच राहिले होते.

याउलट चित्र गुजरातमध्ये दिसले होते. बडोद्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्यातून अवघे दोन तास गणिताचे खेळ संगणकावर दिले. एका संगणकावर दोन मुले बसत आणि प्रश्न त्यांच्या पातळीनुसार बदलत. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गणितात लक्षणीय सुधारणा आढळली. मात्र उपक्रम थांबल्यावर वर्षभरात त्या फायद्याचा बराच भाग ओसरला.

आयपॅड २०१०मध्ये बाजारात आला आणि लहान मुलांसाठी चित्र पालटले. माउस किंवा कळफलक हाताळण्यासाठी लागणारे कौशल्य सहा वर्षांच्या मुलाकडे नसते. बोट मात्र असते. आफ्रिकेतील मलावी देशात पहिली ते तिसरीच्या मुलांना दररोज अर्धा तास, त्यांच्याच चिचेवा भाषेत, टॅब्लेटवर गणित देण्यात आले. आठ आठवड्यांनंतर, विशेषतः दुसरीच्या मुलांत, नेहमीच्या वर्गापेक्षा अधिक प्रगती दिसली. २०१९मध्ये निकाल लागलेल्या ‘ग्लोबल लर्निंग एक्सप्राइझ’ या स्पर्धेत टांझानियातील टांगा भागात, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या असंख्य मुलांना स्वाहिली भाषेतील अभ्यास असलेले टॅब्लेट पंधरा महिने देण्यात आले होते. ती चार्ज करण्यासाठी सौरकेंद्रे उभारली गेली होती. एक कोटी डॉलरचे पारितोषिक दोन चमूंना विभागून मिळाले.

यशस्वी ठरलेल्या या प्रयोगांत मुलाला परिचित असलेली भाषा होती आणि मुलाच्या पातळीपासून सुरुवात करणारा सराव होता. बडोदे आणि मलावीत तर वेळही थोडा आणि ठरलेला होता.

मराठीची वेगळी गरज

परदेशी किंवा हिंदी साहित्याचे भाषांतर करून मराठी वर्गाचे काम भागत नाही. अक्षरापासूनच फरक सुरू होतो. टॅब्लेटमध्ये मुळात असलेल्या देवनागरी टंकात ‘ल’ आणि ‘श’ बहुधा हिंदी वळणाचे असतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी प्रमाणित मराठी वर्णमाला ठरविताना या दोन अक्षरांचे मराठी वळण निश्चित केले. फळ्यावर एक ‘ल’ आणि काचेवर दुसरा, असे झाले तर पहिलीच्या मुलाला ती दोन वेगळी अक्षरे वाटतात. ऱ्हस्व वेलांटीचेही तसेच. ‘कि’ लिहिताना काना डावीकडे येतो, पण उच्चारताना स्वर व्यंजनानंतर येतो. वेलांटी कोठून सुरू करावी, जोडाक्षर कसे फोडावे, हे दाखविणारे साहित्य मराठीसाठी स्वतंत्रपणेच घडवावे लागते.

अंकांचा प्रश्न तर २०१९मध्ये विधिमंडळापर्यंत गाजला. ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणितात ‘त्रेसष्ट’बरोबर ‘साठ तीन’ असे वाचन देण्यात आले आणि मोठा वाद उसळला. त्यामागील अडचण खरी होती. मराठीत त्रेसष्ट म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर. लिहिताना मात्र सहा आधी. त्यामुळे अनेक मुले ६३च्या जागी ३६ लिहितात. टॅब्लेट अशा वेळी उत्तर ‘चूक’ म्हणून लाल खूण दाखविते आणि पुढचा प्रश्न देते. मुलाला मोजता येत नाही, की ऐकलेल्या क्रमाने त्याने अंक मांडले, हे त्याला उच्चारायला लावून ओळखू शकते ती बाईंची किंवा गुरुजींची नजर. त्यांनी दहाच्या सहा जुड्या आणि तीन सुट्या काड्या समोर ठेवल्या की मुलाचे कोडे सुटते.

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर आणखी एक पायरी असते. घरी ठाकरी किंवा कातकरी बोलणारे मूल शाळेत प्रमाण मराठी प्रथमच ऐकते. तेथे टॅब्लेटमधील ध्वनिमुद्रणाची साधी सोय फार मोलाची ठरू शकते. आजीने सांगितलेली गोष्ट तिच्याच बोलीत टिपून घ्यावी, मुलांनी तिची चित्रे काढावीत आणि मग तीच गोष्ट मराठीत वाचावी. या कामी इंटरनेटचीही गरज पडत नाही.

शिक्षणसाहित्य मुलाच्या भोवतालातून घ्यावे, हा विचार या भूमीला नवा नाही. पूर्वीच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी १९४५मध्ये बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने अंगणवाडी आणि कुरणशाळा आकाराला आल्या. पाने, खडे, बिया, शिंपले हेच तेथील साहित्य होते. गुरांमागे जाणारे मूल शाळेत येत नसेल, तर शाळाच कुरणात गेली. साधनाने मुलाकडे जावे, मुलाने साधनाकडे नव्हे, ही त्या कामाची कसोटी टॅब्लेटलाही लावता येते.

तीस मुलांचा वर्ग, पाच टॅब्लेट

प्रत्येक मुलाला एक टॅब्लेट हवेच, असे नाही. तीस मुलांच्या वर्गाला पाच पुरतात. दहा-दहांचे तीन गट करावेत. पहिला गट दोघांत एक याप्रमाणे टॅब्लेटवर सराव करतो. दुसरा पाटी, मणी, अक्षरपत्ते घेऊन बसतो. तिसरा शिक्षकाजवळ वाचतो. दर वीस मिनिटांनी गट बदलले की तासाभरात प्रत्येक मुलाला वीस मिनिटे पडदा मिळतो आणि, अधिक महत्त्वाचे म्हणजे, वीस मिनिटे शिक्षक मिळतात. टॅब्लेटचा सर्वांत मोठा लाभ हाच की, ते दहा मुलांना गुंतवून ठेवते आणि तेवढा वेळ शिक्षकाला मागे राहिलेल्यांसाठी मोकळा करते. दोघे मिळून बसली की मुले आपसांत बोलतात, वाद घालतात, एकमेकांना दुरुस्त करतात. या वयात बोलणे हाही भाषेचा अभ्यासच होय.

लिहिण्याचे काम मात्र पाटी-पेन्सिलीवरच राहिले पाहिजे. काचेवरून बोट सहज घसरते. पेन्सिलीला दाब, पकड आणि दिशा लागते. बोटांच्या स्नायूंची ती तयारी गिरविण्याच्या ॲपने होत नाही.

वेळेच्या मर्यादेबाबत सरकारी मार्गदर्शनही उपलब्ध आहे. करोनाकाळात, जुलै २०२०मध्ये, केंद्राने काढलेल्या ‘प्रज्ञाता’ सूचनांनुसार पूर्वप्राथमिक मुलांसाठी ऑनलाइन वेळ दिवसाला तीस मिनिटांहून अधिक नसावा आणि पहिली ते आठवीसाठी तीस ते पंचेचाळीस मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे असावीत. घरातील मोबाइल आणि दूरचित्रवाणीचा वेळ यात धरलेला नाही. म्हणून शाळेतील वीस मिनिटे मोजून वापरणे आणि मैदानाचा तास न कापणे आवश्यक ठरते. उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांत लघुदृष्टी जडण्याचे प्रमाण कमी आढळते.

खर्चाचा अदृश्य भाग

टॅब्लेट खरेदीचा सोहळा होतो. त्याच्या देखभालीचा होत नाही. २२ जून २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ निर्णयानंतर लोकवर्गणीतून अनेक शाळांत उपकरणे आली. परंतु थकलेल्या वीजबिलांपायी जिल्हा परिषद शाळांची जोडणी तोडली गेल्याच्या तक्रारीही राज्यात वारंवार झाल्या. या दृष्टीने टॅब्लेट किफायतशीर आहे. एक साधे टॅब्लेट पूर्ण चार्ज होण्यास सुमारे २० वॅट-तास वीज लागते, म्हणजे पाच टॅब्लेटना सुमारे १००. एवढी वीज ५० वॅटचे छोटे सौरपटल चार तासांच्या चांगल्या उन्हात, गळती धरूनही, देऊ शकते. पावसाळ्यात मात्र कोकणपट्टीचे आभाळ दिवसेंदिवस झाकलेले असते. तेव्हा साठवणीच्या बॅटरीची सोय आधीच करावी लागते. फुटलेली काच, दमलेली बॅटरी, तुटलेली चार्जिंगची खाच यांसाठी दरवर्षी थोडी रक्कम राखून ठेवली नाही, तर दोन-तीन वर्षांत उपकरणे कपाटात जातात.

शाळा व पालक-समित्यांनी खरेदीपूर्वी काही गोष्टी तपासून पाहाव्यात. साहित्य इंटरनेटशिवाय चालते काय? सूचना स्पष्ट मराठी आवाजात आहेत काय? अक्षरे-अंक पाठ्यपुस्तकाप्रमाणे आहेत काय? जाहिराती येत नाहीत ना? मुलांची माहिती कोणाकडे साठते? आणि कोणते मूल कोठे अडले, हे शिक्षकाला दिसते काय? मोफत पर्यायांत ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ मंचावर मराठी साहित्य असून ते उतरवूनही घेता येते. पुस्तकातील क्यूआर कोडमधून दृक्-श्राव्य पाठापर्यंत जाण्याची कल्पना सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी रुजविली. त्यांना २०२०मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. पष्टेपाडा असो की परितेवाडी, उपकरणाआधी तेथे शिक्षकाने आपल्या वर्गाची नड ओळखली होती.

जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या मुलाच्या पालकांनी शाळेला ‘टॅब्लेट आहेत काय’ एवढेच विचारून थांबू नये. टॅब्लेटवर एक गट बसला असताना बाई दुसऱ्या गटाबरोबर काय करीत असतात, हेही विचारावे. मूल तिसरी ओलांडताना वाचू लागेल की नाही, याचा अंदाज त्या उत्तरावरून अधिक खात्रीने बांधता येईल.