चौथा प्रहर आणि संगणक

आजचे वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. इ. स. 900च्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरीत लावून दिला. त्याच ग्रंथात त्याने कवीची दिनचर्याही आखली आहे: सकाळी रचलेले काव्य दिवसाच्या चौथ्या प्रहरी तपासावे, अधिक ते गाळावे, उणे ते भरावे, अस्थानी ते हलवावे. या कामी आज संगणकाचेही साहाय्य मिळते. शब्दसूचीत नसलेल्या शब्दाखाली तो तांबडी रेघ ओढतो. परंतु ‘दीनांची सेवा’ऐवजी ‘दिनांची सेवा’ लिहिले, तर केवळ सूची ताडणारी प्रणाली स्वस्थ राहते. कारण दोन्ही शब्द शुद्धच. अक्षरे यंत्राने अवश्य तपासावीत. अर्थाची राखण मात्र लेखकानेच करावी.