निवळ पाण्याची गोष्ट

दिवाळी जवळ आली की आमच्या घरातली एकही वस्तू जागची हलल्यावाचून राहत नाही. एका वर्षी त्या धडाक्यात मी दोन सोनेरी माशांची काचपेटीही सोडली नाही. तळाचे खडे कढत पाण्याने धुतले, शेवाळ खरवडले आणि नळाचे ताजे, निवळशंख पाणी भरले. तिसऱ्या दिवशी, ऐन नरकचतुर्दशीच्या पहाटे, दोन्ही मासे निष्प्राण तरंगत होते. नातीने विचारले, "आजोबा, पाणी तर स्वच्छ होतं ना?"

उत्तर शोधता शोधता मी इतिहासात शिरलो.

सोनेरी मासा मूळचा चीनचा. करड्या माशांत क्वचित एखादा तांबूस निघे. असे मासे वेचून तळ्यात वाढवण्याचा छंद सुंग राजवटीत (960–1279) रुजला. मिंग काळात (1368–1644) हे मासे घरातल्या भांड्यांत आले आणि पाण्याचा प्रश्न उभा राहिला. तळे आपली घाण आपणच निस्तरते. भांड्याला ते कसे जमावे?

लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1849 मध्ये एका मोठ्या काचपात्रात दोन सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीपासून माशांना प्राणवायू मिळे. पण तिची पिकली पाने कुजून पाणी गढूळले. मग त्यांनी पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजके फस्त केले आणि पाणी न बदलताच निवळले! हा प्रयोग त्यांनी 1850 मध्ये प्रसिद्ध केला.

तरी एक कोडे उरलेच. मासे पाण्यात अमोनिया सोडतात आणि तो त्यांचेच कल्ले जाळतो. मग त्याचे होते काय? 1877 मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवले की अमोनियाचे रूपांतर सजीवच घडवतात. 1890 मध्ये रशियन शास्त्रज्ञ विनोग्रॅड्स्की यांनी ते जीवाणू वेगळे काढले. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच, कारण त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते. दुसरे जीवाणू त्याचे बरेच सौम्य असे नायट्रेट करतात. हे सारे कारागीर खड्यांवर वस्ती करतात, आणि ती वसायला कित्येक आठवडे लागतात.

ती वस्ती मी कढत पाण्याने एका सकाळीत उठवली होती. वर नळाच्या पाण्यातला क्लोरीन! 1908 मध्ये अमेरिकेतील जर्सी शहराच्या पाण्यात तो नित्य मिसळू लागले. पुढे जगभर त्याने माणसांचे पटकी-विषमज्वरापासून रक्षण केले. पण माशांच्या कल्ल्यांना तो सोसत नाही.

आता आम्ही आठवड्याला चौथा हिस्साच पाणी बदलतो, तेही क्लोरीन काढून आणि पेटीतल्या पाण्याइतकेच कोमट-गार करून. खडे पेटीतूनच काढलेल्या जुन्या पाण्यात विसळतो.

यंदा मी झाडू घेऊन निघालो, तो नात नव्या माशांच्या पेटीपुढे हात पसरून उभी! म्हणाली, "आजोबा, एवढं सोडून."

मी मुकाट्याने कपाटाकडे वळलो.