शस्त्र कायद्यातील आकस्मिक बदल आणि परवानाधारक नागरिक : एक ऐतिहासिक अभ्यास (१८५७ ते २०१९)

गोषवारा

भारतातील शस्त्रविषयक कायद्यांचा इतिहास बहुधा निःशस्त्रीकरण विरुद्ध राष्ट्रीय चळवळ या चौकटीत मांडला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात हाच इतिहास कायद्याचे पालन करणाऱ्या शस्त्रधारकाच्या दृष्टीने तपासला आहे. काल वैध असलेली वस्तू आज अवैध ठरते, तेव्हा त्या बदलाचा भार कोणावर पडतो, किती मुदत मिळते, मोबदला मिळतो काय आणि म्हणणे ऐकले जाते काय, या चार कसोट्यांवर १८५७, १८७८, १९५९, १९७२, १९८३ व २०१९ या वर्षांतील कायद्यांचा विचार येथे केला आहे.

बीजसंज्ञा : शस्त्र कायदा, परवाना, निःशस्त्रीकरण, पीकसंरक्षण, वारसा शस्त्रे, भरपाई.

प्रस्तावना

शस्त्रांवर नियंत्रण ठेवणे हे कोणत्याही आधुनिक राज्याचे कर्तव्य आहे, याविषयी दुमत संभवत नाही. तथापि नियंत्रण कोणत्या मार्गाने आणि किती वेगाने आणले जाते, यावर कायद्याची न्याय्यता अवलंबून असते. चोरट्या मार्गाने गावठी कट्टा मिळविणाऱ्या माणसाचे नाव कोणत्याही नोंदवहीत नसते. याउलट परवाना घेऊन, शुल्क भरून, वेळोवेळी नूतनीकरण करणाऱ्या माणसाचे नाव, पत्ता व शस्त्राचा क्रमांक शासनाकडे असतो. त्यामुळे कायदा बदलला की त्याचा हात प्रथम नोंदवहीत असलेल्या माणसापर्यंतच पोहोचतो. ही विसंगती एखाद्या राजवटीपुरती मर्यादित नसून ती परवानापद्धतीतच अंतर्भूत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१. वसाहतकालीन शस्त्र कायद्यांचा सामान्य शस्त्रधारकावरील परिणाम अभ्यासणे.
२. स्वातंत्र्योत्तर कायद्यातील सातत्य व बदल यांचा शोध घेणे.
३. २०१९ च्या दुरुस्तीचे अन्य देशांतील तरतुदींशी तुलनात्मक मूल्यमापन करणे.

यासाठी कायद्यांतील कलमे, संविधान सभेतील चर्चा आणि प्रकाशित दुय्यम साधने यांचा आधार घेऊन ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१८५७ चा कायदा आणि दक्षिण मराठा प्रदेश

उठावाच्या धामधुमीत कंपनी सरकारने १८५७ चा अठ्ठाविसावा कायदा संमत केला. शस्त्रे व दारूगोळा यांची आयात, निर्मिती, विक्री आणि ती बाळगण्याचा हक्क यांचे नियमन हा त्याचा हेतू होता. १८६० च्या एकतिसाव्या कायद्याने या तरतुदी पुढे एकत्र करण्यात आल्या.

या धोरणाचा पहिला तडाखा मुंबई इलाख्याला लागून असलेल्या दक्षिण मराठा प्रदेशातील संस्थानांत जाणवला. मुधोळच्या घोरपडे संस्थानातील हलगली या गावच्या बेरडांनी शस्त्रे देण्यास नकार दिला. शिकार, राखण व चाकरी यांवर उपजीविका असणाऱ्या या समाजाच्या दृष्टीने हत्यार हे पोटाचे आणि प्रतिष्ठेचे साधन होते. पिढ्यान्‌पिढ्या उघडपणे बाळगलेली वस्तू सरकारी हुकमाने एकाएकी गुन्ह्याची खूण ठरली. नोव्हेंबर १८५७ मध्ये फौज पाठवून गाव जाळण्यात आले आणि डिसेंबरमध्ये म्होरक्यांना फाशी देण्यात आली. पुढे मे १८५८ मध्ये नरगुंदचे संस्थानिक भास्करराव ऊर्फ बाबासाहेब भावे यांनी बंड केले. दत्तकाला मिळालेला नकार हे त्याचे मुख्य कारण असले, तरी शस्त्रे व तोफा जमा करण्याचा तगादाही त्यामागे होता.

हलगलीचे बेरड परवानाधारक नव्हते, कारण तेव्हा परवानाच अस्तित्वात नव्हता. परंतु आदल्या दिवसापर्यंत त्यांनी कोणताही कायदा मोडलेला नव्हता, ही बाब येथे महत्त्वाची आहे. कायदा बदलला आणि माणूस आहे तेथेच उभा असता गुन्हेगार ठरला.

१८७८ चा कायदा : परवाना, सूट आणि भेद

लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत देशी वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा आणि शस्त्र कायदा हे दोन्ही १८७८ या एकाच वर्षी आले. वृत्तपत्रविषयक कायदा १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या काळात रद्द झाला. शस्त्र कायदा मात्र थोड्याफार फरकाने आठ दशके टिकला.

या कायद्याने बंदूक बाळगण्यास परवाना आवश्यक केला. कलम २७ अन्वये सूट देण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला आणि त्याचा लाभ युरोपीयांना मिळाला. एकाच गावातील युरोपीय मळेवाल्याला बंदुकीसाठी परवाना लागत नसे, तर शेजारच्या कुणब्याला रानडुकरापासून पीक राखण्यासाठी कचेरीचे उंबरठे झिजवावे लागत. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्यात बदल करण्याची मागणी केली, ती या पार्श्वभूमीवर. वंशावर आधारलेली सूट पहिल्या महायुद्धानंतर नियमांतून काढण्यात आली.

या कायद्याच्या कलम १६ कडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. परवाना रद्द झाल्याने, त्याची मुदत संपल्याने अथवा मिळालेली सूट काढून घेतल्याने शस्त्र बाळगणे अवैध ठरल्यास, धारकाने ते विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात जमा करावे, असे हे कलम सांगत असे. हेच तत्त्व १९५९ च्या कायद्यात कलम २१ म्हणून कायम राहिले. राज्यकर्ते बदलले, परंतु वैधता संपल्यानंतर धारकाने करावयाची कृती तीच राहिली.

राष्ट्रीय चळवळीची मागणी आणि संविधान सभा

महात्मा गांधींनी १९१८ मधील सैन्यभरतीच्या पत्रकात शस्त्र कायद्याचा कठोर शब्दांत निषेध केला होता. जानेवारी १९३० मध्ये व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत आत्मसंरक्षणासाठी लोकनियंत्रणाखाली शस्त्रपरवाने द्यावेत, ही मागणी होती. अहिंसेच्या प्रणेत्याने ती करावी, यात वरकरणी विरोधाभास वाटतो; परंतु शस्त्र असूनही ते न चालविणे आणि शस्त्रच हिरावले जाणे यांतील भेद त्यांच्या मनात स्पष्ट होता. मार्च १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट करण्यात आला.

डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी कराची ठरावाचा आधार घेऊन संविधान सभेत तशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला. परकीय सत्तेविरुद्धची मागणी स्वतंत्र राष्ट्रात जशीच्या तशी लागू होत नाही आणि सरसकट हक्क दिल्यास सराईत गुन्हेगारही त्यावर दावा सांगतील, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. परिणामी शस्त्र बाळगणे हा संविधानाने दिलेला हक्क न राहता कायद्याने दिलेली अनुमती ठरली. आंबेडकरांच्या भूमिकेतील तर्क निर्विवाद आहे. मात्र त्यामुळे परवानाधारकाचे संरक्षण सर्वस्वी कायदेमंडळाच्या विवेकावर सोपविले गेले.

१९५९ चा कायदा व त्यापुढील आकुंचन

१ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आलेला १९५९ चा शस्त्र कायदा हा या इतिहासातील उदार टप्पा म्हणावा लागेल. जुना कायदा संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करण्यासाठी होता, हे त्याच्या उद्देशपत्रिकेत मान्य करण्यात आले. परवाना नाकारल्यास कारणे लेखी नोंदविणे आणि निर्णयाविरुद्ध अपील या तरतुदी त्यात आल्या. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याविषयी कलम १३ मध्ये स्वतंत्र उल्लेख होता.

यानंतरचा प्रवास मात्र आकुंचनाचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्य घोषित झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, अभयारण्यात व त्याच्या दहा किलोमीटर परिसरात राहणाऱ्या परवानाधारकाने नावनोंदणीसाठी अर्ज करणे बंधनकारक झाले. त्या परिसरात नवीन परवान्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमती आवश्यक ठरली. वन्यजीवांच्या रक्षणासाठी हे आवश्यक होते, हे मान्यच करावे लागेल. परंतु ज्या शेतकऱ्याला वन्यप्राण्यांचा उपद्रव सर्वाधिक, त्यालाच परवाना मिळणे सर्वाधिक कठीण झाले, हेही तितकेच खरे आहे.

१९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनच शस्त्रे बाळगता येतील, अशी मर्यादा २२ जून १९८३ पासून घातली आणि जादा शस्त्रे नव्वद दिवसांत जमा करण्यास सांगितले. रायफल क्लबच्या सदस्यांना लक्ष्यवेधासाठी पॉइंट बावीस बोअरच्या रायफलीपुरती सूट ठेवण्यात आली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांचे २०१० मधील विश्वविजेतेपद किंवा स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधील कांस्यपदक ज्या क्रीडाप्रकारांत आले, त्यांत याच बोअरची रायफल वापरली जाते. विचारपूर्वक ठेवलेल्या छोट्या अपवादाचे मोल यावरून लक्षात यावे.

निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करण्याची प्रथाही येथे विचारात घेतली पाहिजे. महाराष्ट्र विधानसभेची २००४, २००९, २०१४ व २०१९ या चारही वर्षांतील मतदाने ऑक्टोबर महिन्यात झाली. कोकणात हाच काळ भात पिकून कापणीला येण्याचा. रानडुकरांचा उपद्रव ऐन भरात असताना राखणीची बंदूक पोलीस ठाण्यात पडून राहते, हा योगायोग शेतकऱ्याला महाग पडतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर निवडणूक आयोगाने २००९ मध्ये जिल्हास्तरीय छाननी समितीमार्फत प्रत्येक प्रकरणाचा विचार करण्याची पद्धत घालून दिली. सरसकट आदेशाऐवजी व्यक्तिगणिक विचार करण्याचे तत्त्व त्यातून पुढे आले.

२०१९ ची दुरुस्ती

२९ नोव्हेंबर २०१९ रोजी लोकसभेत मांडलेल्या विधेयकात शस्त्रांची मर्यादा तीनवरून थेट एकवर आणण्याचा प्रस्ताव होता. आक्षेपांनंतर ती दोन करण्यात आली. ९ व १० डिसेंबरला दोन्ही सभागृहांची मंजुरी मिळून १४ डिसेंबरपासून कायदा अमलात आला. मांडणीपासून अंमलबजावणीपर्यंत अवघे पंधरा-सोळा दिवस लागले. तिसरे शस्त्र एका वर्षात जमा करावयाचे होते. त्या वर्षाचा मोठा भाग कोविडच्या टाळेबंदीत व निर्बंधांत गेला. वारसाहक्काने मिळणाऱ्या शस्त्रांनाही दोनची मर्यादा लागू झाली. त्यामुळे वडील व आजोबांच्या दोन बंदुका असलेल्या कुटुंबात स्वतःचे एक शस्त्र घेतलेल्या व्यक्तीला कोणता वारसा सोडावयाचा, हे ठरवावे लागले. जमा शस्त्रांच्या भरपाईची तरतूद या दुरुस्तीत नव्हती; वैध खरेदीदार शोधण्याचा मार्ग तेवढा शिल्लक होता. मात्र मर्यादा सर्वांसाठी एकाच वेळी घटल्याने विक्रेते अनेक व घेणारे थोडे, अशी स्थिती निर्माण होणे स्वाभाविक होते.

या दुरुस्तीतील काही तरतुदी निश्चितच स्वागतार्ह आहेत. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. समारंभात बेपर्वाईने गोळीबार करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. फेब्रुवारी २०२० मध्ये नेमबाजांसाठी सवलती वाढविण्यात आल्या. तथापि विधेयकाच्या उद्देशपत्रिकेत चिंता व्यक्त झाली होती ती बेकायदा शस्त्रे व गुन्हे यांच्या संबंधांची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांतही बंदुकीने झालेल्या खुनांत विनापरवाना शस्त्रांचा वाटा परवानाधारक शस्त्रांच्या कितीतरी पट असल्याचे दिसते. मग परवानाधारकाच्या तिसऱ्या बंदुकीने कोणता धोका निर्माण केला होता, या प्रश्नाचे उत्तर उद्देशपत्रिकेतून मिळत नाही.

तुलनात्मक दृष्टिक्षेप

ऑस्ट्रेलियात एप्रिल १९९६ मधील पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी आली. तेथील राज्यघटनेनुसार संपत्ती न्याय्य अटींवरच घेता येत असल्याने शासनाने विशेष अधिभार लावून सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन घेतल्या. ब्रिटनमध्ये मार्च १९९६ मधील डनब्लेनच्या घटनेनंतर १९९७ च्या दोन कायद्यांनी पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदी आली. १,६२,००० च्या आसपास पिस्तुले भरपाई देऊन जमा झाली. परंतु २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेतील पिस्तूल नेमबाजीसाठी खास परवानगी द्यावी लागली. न्यूझीलंडमध्ये १५ मार्च २०१९ च्या क्राइस्टचर्च हल्ल्यानंतर महिन्याच्या आत कायदा झाला आणि ५६ हजारांहून अधिक बंदुका मोबदला देऊन परत घेण्यात आल्या.

तिन्ही देशांतील निर्णय भारतातील निर्णयाइतकेच, किंबहुना अधिक कठोर होते आणि वेगवानही होते. फरक आहे तो भार कोणी उचलला यात. सार्वजनिक सुरक्षितता हे साऱ्या समाजाचे हित असेल, तर तिचा खर्च समाजाने उचलावा, हे तत्त्व तेथे मान्य झाले. भारतात तो खर्च ज्याच्या घरी बंदूक होती त्याच्याच पदरी पडला.

निष्कर्ष

१. १८५७ पासून २०१९ पर्यंत राज्यसंस्थेचे स्वरूप आमूलाग्र बदलले; परंतु नोंदीतील शस्त्रधारकावरच बदलाचा पहिला भार टाकण्याची रीत टिकून राहिली.
२. शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नसला, तरी वैध मार्गाने घेतलेली वस्तू ही मालमत्ता आहे. तिची वैधता काढून घेताना मोबदल्याचा विचार होणे न्यायोचित ठरते.
३. पीकसंरक्षण, क्रीडा व वारसा ही तीन प्रयोजने परस्परांहून भिन्न आहेत. तिन्हींना एकच संख्या लागू केल्याने अल्पभूधारक शेतकरी व हौशी संग्राहक एकाच मापाने मोजले जातात.
४. परवानापद्धतीचा पाया नागरिकाच्या विश्वासावर उभा असतो. स्वतःहून केलेली नोंद पुढे आपल्याच विरुद्ध वापरली जाईल, अशी भावना बळावल्यास नोंद टाळण्याकडे कल वाढण्याचा धोका असतो, आणि त्यातून नियंत्रणाचा मूळ हेतूच दुबळा होतो.

हलगलीच्या बेरडांना मुदत मिळाली नाही आणि त्यांचे म्हणणेही कोणी ऐकले नाही. स्वतंत्र भारताच्या कायद्याने मुदत दिली, अपील दिले, काही अपवादही दिले. ही प्रगती नाकारता येत नाही. मोबदला आणि प्रयोजननिहाय विचार या दोन बाबी मात्र अद्याप अपुऱ्या आहेत. यापुढे शस्त्र कायद्यात बदल करताना त्यांचा अंतर्भाव झाला, तर सुरक्षितता व न्याय यांचा मेळ घालणे शक्य होईल.