हजेरीपट नसलेला वर्ग

वर्गात पट एकाच हातात असतो, म्हणून 'आज कोण आले आहे?' या प्रश्नाला एकच उत्तर मिळते. आता अशी कल्पना करू, की शिक्षक नाहीत, पट नाही, आणि तीस मुले तीस वेगवेगळ्या खोल्यांत बसून एकच निबंध लिहीत आहेत. निरोप फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवता येतात. कोण हजर आहे, कोण कोणता परिच्छेद लिहितो आहे, कोण उठून गेला, हे प्रत्येकाला कसे कळावे? मध्यवर्ती संगणकाशिवाय अनेकांना एकत्र काम करू देणाऱ्या प्रणालींपुढे हाच प्रश्न असतो. सहकाऱ्यांच्या हालचालींच्या या जाणिवेला आपण 'समूहभान' म्हणू.

सुरुवातीला हा प्रश्न पडलाच नव्हता. डिसेंबर १९६८ मध्ये डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहातून मेन्लो पार्कमधील सहकारी बिल पॅक्स्टन यांच्यासह एकच मजकूर पडद्यावर हाताळून दाखवला. दोघांमध्ये सुमारे पन्नास किलोमीटर अंतर होते. पण सगळे काम मेन्लो पार्कमधला एकच संगणक करत होता. पट त्याच्याकडे होता, असे म्हणायला हरकत नाही.

समूहभान म्हणजे नेमके काय, हे मात्र संगणकतज्ज्ञांच्या आधी रेल्वेच्या माणसांना ठाऊक होते. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या बेकर्लू मार्गावरील नियंत्रण कक्षाचा अभ्यास ख्रिश्चन हीथ आणि पॉल लफ यांनी केला व तो १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. नियंत्रक चालकांशी फोनवर बोलतो. शेजारी बसलेला माहिती-सहायक प्रवाशांसाठी घोषणा करतो. एखादी गाडी मधूनच परत फिरवायची असे नियंत्रक चालकाला सांगतो, तेव्हा तो सहायकाला वेगळे काही सांगत नाही. सहायकही आपल्याच कामात दिसतो. पण ते बोलणे कानावर पडताच त्याची घोषणा सुरू होते. एवढेच नव्हे, वेळापत्रकात बदल करताना नियंत्रक स्वतःशीच मोठ्याने पुटपुटतो, म्हणजे शेजाऱ्याला आपोआप कळावे. कोणी कोणाला अहवाल देत नाही, आणि तरी सर्वांना माहीत असते. शिक्षकांच्या खोलीतही निम्मी शाळा अशीच चालते!

त्याच वर्षी केंब्रिजमधील पॉल डूरिश आणि व्हिक्टोरिया बेलॉटी यांनी, एकत्र लेखन करणाऱ्या गटांच्या आधारे, एक महत्त्वाची गोष्ट मांडली. 'मी आता अमुक करतो आहे' असे मुद्दाम नोंदवायला लावले, तर कष्ट नोंदवणाऱ्याचे आणि फायदा इतरांचा होतो. म्हणून ही माहिती कामातूनच सहज झिरपली पाहिजे.

झिरपली पाहिजे हे खरे, पण कशातून? खोली एक असेल तर हवेतून. केंद्रीय संगणक असेल तर त्याच्यामार्फत. तेथे अडचण वेगळीच येते. ज्याच्या हातात पट, त्याला कोण किती वाजता कामाला बसला आणि कधी उठला हेही कळते. केंद्र नको असे वाटण्यामागे हे एक सबळ कारण आहे, असे आम्हाला वाटते.

मार्च २००० मध्ये फायलींच्या देवाणघेवाणीसाठी ग्नुटेला ही केंद्रविरहित प्रणाली आली. तिच्यात प्रत्येक संगणक शेजाऱ्यांना 'कोण आहे?' असे विचारी, शेजारी तोच प्रश्न पुढच्यांना विचारत, आणि उत्तरे त्याच वाटेने मागे येत. संगणक वाढले तशी हजेरीच वाहिन्यांवरची जागा खाऊ लागली. त्याच वर्षी रे ऑझी यांचे ग्रूव्ह आले. प्रत्येक सदस्याच्या संगणकावर सामायिक कामाची सांकेतिक लिपीतली पूर्ण प्रत असे, आणि कोण हजर आहे हे सदस्यांच्या यादीत दिसे. पण ज्याचा संगणक बंद आहे, त्याचे निरोप कोणी ठेवायचे? त्यासाठी मधले संगणक ठेवावे लागले. म्हणजे केंद्र पुरते गेले नाही. फक्त त्याला मजकूर वाचता येईनासा झाला.

मजकुराचा प्रश्न पुढे बराचसा सुटला. बदल कोणत्याही क्रमाने पोचले तरी सर्व प्रती शेवटी सारख्याच होतील, अशा रचना मार्क शापिरो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पद्धतशीर मांडल्या. पण मजकूर थांबू शकतो, हजेरी थांबू शकत नाही. कालचा परिच्छेद आज पोचला तरी चालतो. कालची हजेरी आज निरुपयोगी असते. शिवाय निरोप किती उशिरा येईल याला मर्यादा नसेल, तर गप्प असलेला संगणक बंद पडला आहे की नुसता मंद आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन यांनी १९८५ मध्ये सिद्ध केलेल्या प्रसिद्ध प्रमेयाच्या मुळाशी हीच अडचण आहे.

म्हणून आजच्या प्रणाली अंदाजावर भागवतात. केव्हिन यान्स यांच्या वायजेएस या प्रणालीत हजेरी मजकुरापासून वेगळी ठेवलेली असते आणि ती साठवली जात नाही. प्रत्येक संगणक आपली स्थिती एका वाढत्या क्रमांकासह इतरांना कळवतो. मोठा क्रमांक असलेली स्थिती ताजी समजायची. काहीही बदलले नसले, तरी साधारण १५ सेकंदांनी 'मी आहे' असे पुन्हा कळवायचे. ३० सेकंद काहीच आले नाही, तर इतरांनी ते नाव आपापल्या यादीतून काढून टाकायचे. मधल्या अर्ध्या मिनिटात, वीज गेलेल्या सहकाऱ्याचा दर्शक पडद्यावर शेवटच्या शब्दापाशी तसाच उभा असतो, आणि बाकीच्यांना वाटते की तो वाचतो आहे.