काळीज, कर्णिका, अलिंद: हृदयाच्या धड्यातून निघालेला एक संशोधनप्रश्न

पेटची तयारी करणारे हमखास विचारतात, "विषय शोधायचा कसा?" माझं उत्तर साधं आहे. रोजचा एखादा धडा घ्या आणि त्यातला एकेक शब्द कुठून आला ते विचारा. आज शाळेतला हृदयाचा धडा घेऊ. ठिकाण घेऊ बीड जिल्ह्यातलं केज.

केजचं पोर वर्गात येतं तेव्हा त्याच्याकडे एक शब्द आधीपासून असतो: काळीज. घाबरलं की काळीज धडधडतं. पण मटणाच्या दुकानात काळीज मागितलं तर हातात पडतं यकृत! रक्त यकृतात तयार होतं, असं दुसऱ्या शतकातला वैद्य गेलेन मानत होता. हृदयातून निघालेलं रक्त फिरून हृदयाकडेच येतं, हे विल्यम हार्वेने 1628 मध्ये मांडलं. इथे मोह होतो, की मराठीतलं काळीज हा गेलेनचाच वारसा. थांबा. दोन गोष्टी सारख्या दिसतात म्हणून एक दुसरीतून आली असं ठरत नाही. मधला दुवा दाखवावा लागतो: ग्रंथ, शिक्षक, भाषांतर.

असा दुवा कुठे सापडतो? 17 सप्टेंबर 1948 पर्यंत केज निजामाच्या हैदराबाद राज्यात होतं आणि तिथे वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. 1917 मध्ये हैदराबादेत पाठ्यपुस्तकांच्या भाषांतरासाठी दारुल तर्जुमा सुरू झालं, 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ. म्हणजे शास्त्राचे शब्द घडवणारी यंत्रणाच समोर आहे. या परिभाषेत हृदय म्हणजे 'कल्ब'. त्याच्या वरच्या कप्प्याच्या अरबी नावात 'कान' दडलाय, खालच्याच्या नावात 'पोट'. लॅटिनमध्येही तेच. आणि मराठी 'कर्णिके'तही कर्ण आहेच.

पुढे 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. मराठी पुस्तकांतून कर्णिका आणि जवनिका शिकवल्या गेल्या. जवनिका म्हणजे खरं तर पडदा. त्यातून मुलाला काय दिसणार? आजच्या पुस्तकांत अलिंद आणि निलय आहेत. हे शब्द घोकायला जड, पण उघडून बघा. अलिंद म्हणजे घरापुढची ओसरी, निलय म्हणजे घर. इंग्रजीतलं 'एट्रियम'सुद्धा मुळात रोमन घराचा दर्शनी चौक. रक्त आधी ओसरीवर येतं, मग घरात जातं. शिक्षकाने एवढं सांगितलं तरी क्रम पाठ करावा लागत नाही.

मग यात इतिहासाचा प्रश्न कुठला? दर वेळी शब्द बदलले की आधी शिकलेला माणूस आपल्याच मुलाच्या धड्यापुढे अडाणी ठरतो. बाप उर्दूतून शिकला आणि मुलगा मराठीतून, अशा घरात अभ्यास कोण घेणार? कर्णिका शिकलेल्या आईला आज अलिंद परकं वाटतं, तीही याच ओळीत आली.

म्हणून 'हृदयाच्या शिक्षणाचा इतिहास' असा अवाढव्य विषय घेऊ नका. असं विचारा: 1948 पासून 1967 मध्ये बालभारती स्थापन होईपर्यंत केज तालुक्यातल्या शाळांत शरीरशास्त्राचे शब्द कसे बदलले, आणि ते घरात कोणी समजावून दिले? जुनी पुस्तकं, प्रश्नपत्रिका, शाळांची शेरेबुकं ही तुमची साधनं. पण सुरुवात मुलाखतींपासून करा. 1948 साली पंधरा वर्षांचा असलेला विद्यार्थी आज नव्वदी ओलांडून गेलाय. दप्तरं चार महिने थांबतील. ही माणसं थांबतीलच असं नाही.