नैर्ऋत्येचा वारा आणि पडक्या धर्मशाळेतील पारवा

बदल आणि वियोग हा कवितेचा सनातन विषय आहे. या विषयाच्या दोन बाजू दाखविणाऱ्या दोन मराठी कविता मला नेहमी एकत्र वाचाव्याशा वाटतात : केशवसुतांची ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ आणि बालकवींची ‘पारवा’. दोन्ही कवींचे खानदेशाशी नाते होते. आमच्या लालबागच्या स्टेशनातून सुटणारी गाडी रावेर, सावदा, भुसावळ करीत जळगावकडे जाते, तो सारा याच कवींचा मुलूख.

केशवसुत, म्हणजे कृष्णाजी केशव दामले, 1866 साली कोकणात मालगुंड येथे जन्मले. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यानंतर ते खानदेशात आले आणि सावद्याजवळच्या फैजपूरला त्यांनी शिक्षकी केली. पुढे 1905 साली हुबळीस त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. बालकवी ठोमरे 1890 साली धरणगावी जन्मले. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली आणि 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले. नव्या युगाने माणसांना गावाबाहेर काढले, त्या युगाची रेल्वे आणि त्या युगातला प्लेग या दोघांच्या आयुष्यात असे शिरले.

केशवसुतांच्या कवितेत कवी दूर आहे आणि त्याचे गाव जागेवर आहे. त्या गावाकडून येणाऱ्या वाऱ्याशी तो बोलतो. खानदेशच्या नैर्ऋत्येस कोकण. शिवाय हा वारा पावसाचा. त्यामुळे त्याच्याबरोबर बालपण, घर, डोंगर, समुद्र असे सारे येते. येथे दुःख आहे ते अंतराचे. गाव आहे, पण आपण तेथे नाही.

‘पारवा’मध्ये सारे उलटे आहे. धर्मशाळा ढासळली आहे आणि तिच्या कौलांवर एक पारवा घुमत बसला आहे. मध्यान्हीचा सूर्य, वर घिरट्या घालणारी घार, बाहेर उष्ण झळा. हिरव्या झाडीत उडून जाण्याची त्याला हौस नाही. कवी त्याला दुःखाचे कारण विचारतो, पण उत्तर मिळत नाही. उलट त्या निद्रिस्त दुःखात कवीला बुद्धाची करुणा आठवते. येथे राहणारा जागेवर आहे, त्याची जागाच मोडली आहे.

वारा दोन्ही कवितांत वाहतो. पहिल्यातला निरोप आणतो, दुसऱ्यातला नुसता भाजतो आणि पारव्याला त्याचे भानही नसते.

हा भेद बऱ्हाणपूरकरांना समजावून सांगावा लागत नाही. पुण्याला, सुरतेला गेलेली आमची मुले फोनवर ताप्तीच्या पुराची चौकशी करतात. त्यांचे दुःख केशवसुतांचे. मागे राहिलेल्यांचे दुःख बालकवींचे. 2020 च्या टाळेबंदीत ताप्ती मिलची यंत्रे थांबली, तेव्हा कामगार गाव सोडून गेले नव्हते. त्यांच्या पायाखालचे गावच बदलले. आमच्या मराठीचेही तसेच आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, कोठे गेलो नाही. बाजारात हिंदी आली, शाळेत आली. आता नातू आजीला हिंदीत उत्तर देतो.

मात्र दोन्ही कवितांत एक साम्य आहे. कोणीच हरवलेले परत मागत नाही. एक वाऱ्याशी बोलतो, दुसरा पारव्याशी, आणि बोलत राहतो. दूर गेलेल्याने घराशी बोलावे, घरी राहिलेल्याने पडक्या भिंतीशी का होईना, पण आपल्या भाषेत बोलावे. हिंदी आपली शेजारीण आहे, तिच्याशी भांडण नाही. पण या दिवाळीत मुले घरी येतील तेव्हा या दोन कविता त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात. कोणती अधिक आपली वाटली, हेही विचारावे. घरातून गेलेली मुले आणि घरात राहिलेले आईबाप यांची उत्तरे बहुधा निराळी येतील, आणि तेथूनच बोलणे सुरू होईल.