विश्रांति कीं हालचाल?

दुखणाऱ्या अवयवास स्वस्थ ठेवावें कीं हालवावें, हा प्रश्न मनुष्याच्या दुखण्याइतकाच जुना असला पाहिजे. पाय मुरगळला, पाठींत उसण भरली, किंवा खांदा वर जाईनासा झाला, म्हणजे घरांतील वडील मंडळींच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘पडून राहा’ हा होय. त्यामागून हळदीचा लेप, विटेचा शेक, तेल चोळणें हीं येतात. आणि एवढ्यानेंहि भागलें नाहीं तर हाडवैद्याचें किंवा तालमींतील एखाद्या वस्तादाचें घर शोधण्यांत येतें. आज शहरांतून व तालुक्याच्या गांवींहि फिजिओथेरपीचीं उपचारगृहें निघालीं आहेत. तेथें प्रथमच गेलेला रोगी बहुधा गोंधळून जातो. ज्या गुडघ्यास तो महिनाभर फुलासारखा जपत आला, तोच गुडघा ‘वांकवून दाखवा’ असें त्यास सांगण्यांत येतें. औषधाची बाटली नाहीं, सुई नाहीं. उलट हेंच घरीं रोज तीन वेळां करा, अशी आज्ञा मात्र मिळते! पैसे देऊन आपणच श्रम करावयाचे, ही कोणती चिकित्सा, असें पुष्कळांस वाटतें. परंतु या आज्ञेच्या पाठीमागें फार मोठा वाद होऊन गेला आहे, आणि तिला आजची प्रतिष्ठा सहजासहजीं लाभलेली नाहीं. तो वृत्तांत थोडक्यांत सांगावा, एवढाच येथें आमचा हेतु आहे.

आरंभ आपल्याकडूनच करावयास हरकत नाहीं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांतील तिसरा अध्याय भग्नचिकित्सेचा, म्हणजे मोडलेल्या हाडांच्या उपचाराचा, आहे. वड, पिंपळ, उंबर, पळस इत्यादि वृक्षांच्या सालींनीं मोडलेला अवयव बांधावा. थंडीच्या दिवसांत सातव्या दिवशीं, समशीतोष्ण काळांत पांचव्या आणि उन्हाळ्यांत तिसऱ्या दिवशीं बंध सोडून पुनः बांधावा. तरुणाचा सांधा एका महिन्यांत स्थिर होतो, मध्यमवयीनास त्याच्या दुप्पट व वृद्धास तिप्पट काळ लागतो, असे बारीक नियम तेथें आहेत. मांडी किंवा नळी मोडलेल्या रोग्यास फळीवर निजवून पांच खुंट्यांनीं जखडून ठेवण्याचाहि विधि सांगितला आहे. म्हणजे विश्रांतीची बाजू सुश्रुतानें पुरी संभाळली आहे. परंतु तो तेथेंच थांबत नाहीं. तळहाताचें हाड मोडलें असतां तें सांधल्यावर रोग्याच्या हातीं प्रथम मातीचा गोळा द्यावा, मग मिठाचा खडा, आणि हातांत बळ आल्यावर दगड धरावयास लावावा, असें तो सांगतो. आजच्या उपचारगृहांत रोग्याच्या मुठींत प्रथम मऊ आणि मग कठीण चेंडू देतात. त्यामागील तत्त्व याहून निराळें नाहीं. हाड जुळणें निराळें आणि हात कामास येणें निराळें, हा भेद त्या शास्त्रकारास पक्का ठाऊक होता.

मात्र एवढ्यावरून सर्व कांहीं आपल्या पूर्वजांनीं शोधून ठेवलेंच होतें, असा डंका पिटण्यांत अर्थ नाहीं. ग्रंथांतील ही विद्या ग्रंथांत राहिली, आणि हाताची विद्या हाडवैद्य, पैलवान व न्हावी यांच्याकडे गेली. ज्यांस वाचतां येत होतें ते दुसऱ्याच्या देहास हात लावण्यास कचरत, आणि ज्यांच्या हातांत कसब होतें त्यांस वाचतां येत नव्हतें. ही फारकत हेंच आपल्याकडील या विद्येच्या खुंटण्याचें मुख्य कारण होय, असें आमचें मत आहे.

या हाताच्या विद्येनें एकदां समुद्रपर्यटनहि केलें, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. पाटण्याचा शेख दीन महंमद (१७५९–१८५१) हा कंपनी सरकारच्या फौजेबरोबर वाढलेला गृहस्थ १७८४ सालीं आयर्लंडांत गेला आणि पुढें इंग्लंडांतील ब्रायटन या समुद्रकांठच्या गांवीं त्यानें स्नानगृह काढलें. वाफेचें स्नान घालून अंग चेपून देणें हा त्याचा उपचार. बरे झालेले रोगी आपल्या कुबड्या तेथेंच ठेवून जात आणि त्या भिंतीवर टांगलेल्या असत. १८२२ सालीं त्यानें या उपचारावर पुस्तक प्रसिद्ध केलें. चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या दोघां राजांचा तो अंगमर्दक नेमला गेला. ‘चंपी’ या शब्दाच्या कुळांतूनच इंग्रजींत ‘शाम्पू’ हा शब्द शिरला. पुढें अंग चेपण्याचा अर्थ मागें पडून डोकें धुण्याचा अर्थ तेवढा उरला, आणि आपलाच शब्द आज आपण बाटलींत भरून विकत घेतों!

युरोपांत या विद्येस शाळेचें रूप दिलें तें स्वीडन देशानें. पेर हेन्रिक लिंग (१७७६–१८३९) हा पट्टा खेळण्यांत निष्णात असलेला शिक्षक. त्यानें १८१३ सालीं स्टॉकहोम येथें राजाश्रयानें व्यायामाची मध्यवर्ती संस्था स्थापन केली. निरोग्याचा व्यायाम व रोग्याचा व्यायाम असे भाग पाडून कोणत्या दुखण्यास कोणती हालचाल द्यावी याची त्यानें पद्धति बसविली. त्याच देशाच्या गुस्ताव झांडर या डॉक्टरानें १८६५ सालीं हें काम यंत्रांकडे सोंपविलें. एक यंत्र हात उचली, दुसरें पोट चोळी, तिसरें माणसास घोड्यावर बसल्यासारखें हालवी. हॉलंडमध्यें योहान मेट्सगर या डॉक्टरानें चोळण्याच्या निरनिराळ्या प्रकारांचें वर्गीकरण करून त्यास वैद्यकाच्या पंक्तीस बसविलें.

तरी शल्यवैद्यांत विश्रांतीचाच पक्ष बलवान होता. इंग्लंडांत जॉन हिल्टन यानें वेदना ही निसर्गाची ‘स्वस्थ राहा’ अशी सूचनाच आहे असें प्रतिपादिलें. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन टॉमस (१८३४–१८९१) हा तर पिढीजात हाडवैद्यांच्या घराण्यांतला. सांध्यास सक्तीची, अखंड व दीर्घ विश्रांति हवी हें त्याचें ब्रीदवाक्य होतें, आणि ती मिळावी म्हणून त्यानें लोखंडी पट्ट्यांचे आधार बनविले. उलट पक्षीं पॅरिसचा ल्यूकास-शांपिओनिएर (१८४३–१९१३) सांगे कीं, हालचाल हेंच जीवन. हाड मोडलें तरी तें अवयव लवकर हालवा, हलक्या हातानें चोळा, नाहींतर हाड जुळेल आणि सांधा कायमचा आखडेल. येथें टॉमसला मूर्ख ठरविण्याचें कारण नाहीं. क्षयानें पोखरलेल्या सांध्यांवर त्या काळीं औषध नव्हतें. त्यांस स्थिर ठेवणें हाच उपाय होता. त्याच्या आधारानें पहिल्या महायुद्धांत मांडी फुटलेल्या कित्येक सैनिकांचे प्राण वांचले. दोघांचेंहि खरें होतें. चूक होती ती कोणाच्या बाबतींत कोणाचें खरें हें न ओळखण्यांत.

अशा स्थितींत १८९४ सालीं लंडन शहरीं एक निराळेंच संकट उद्भवलें. मर्दनगृहांच्या नांवाखालीं अनेक ठिकाणीं वेश्याव्यवसाय चालतो, असा गवगवा ब्रिटिश मेडिकल जर्नल या पत्रानें केला. यामुळें जिला खरोखर हें काम येत होतें अशी प्रत्येक परिचारिका संशयास पात्र झाली. अशा वेळीं कुलवंत स्त्रीनें काम सोडून घरीं बसावें, हा सोपा मार्ग होता. रोझालिंड पॅजेट व तिच्या तिघी सहकारी यांनीं तो पत्करला नाहीं. परिचारिकेचा व सुइणीचा धंदा करणाऱ्या या चौघींनीं मंडळ स्थापिलें, परीक्षा सुरू केली आणि नियम घातले: डॉक्टरच्या सांगण्याविना उपचार करूं नये, वैद्यकीय पत्रांबाहेर जाहिरात देऊं नये, पुरुषांस, डॉक्टरानें खास सांगितल्यावांचून, मर्दन करूं नये. नियम जाचक होते खरे. परंतु त्यांच्याच बळावर धंद्याची अब्रू वांचली. १९२० सालीं या संस्थेस राजाची सनद मिळाली आणि १९४४ सालीं तिनें फिजिओथेरपी हें नांव धारण केलें. ज्या विद्येस विद्वान् पुरुषांनीं शतकानुशतकें हलकी मानली, तिला अभ्यासक्रम, परीक्षा व आचारसंहिता मिळवून दिली ती चार कष्टकरी स्त्रियांनीं, हें विसरतां कामा नये.

पुढचें काम युद्धांनीं केलें. १९१४ च्या ऑगस्टांत इंग्लंडांत पन्नास शिक्षित स्त्रियांचें मर्दनपथक उभें राहिलें आणि तें झपाट्यानें वाढत गेलें. अमेरिकेंत मेरी मॅकमिलन या बाईनें १९१८ सालीं सैनिकी इस्पितळांसाठीं स्त्रिया शिकवून तयार केल्या. १९२१ सालीं त्यांनीं स्वतःची संस्था काढली व मेरी तिची पहिली अध्यक्ष झाली. लंडनमधील सेंट डन्स्टन्स या संस्थेनें युद्धांत डोळे गमावलेल्या सैनिकांस हीच विद्या शिकविली. दृष्टि गेली तरी बोटांस दिसतें, हें त्यांनीं सिद्ध केलें. दैवयोग असा कीं, ब्रायटनच्या ज्या राजवाड्याचा धनी एकेकाळीं दीन महंमदाकडून अंग चेपून घेई, त्याच राजवाड्यांत १९१४ सालीं हिंदी सैनिकांसाठीं इस्पितळ उघडण्यांत आलें. आपल्या प्रांतीं अपंग सैनिकांस धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरी संस्था १९१७ सालीं मुंबईस निघून पुढें खडकीस आली, आणि दुसऱ्या महायुद्धांत, १९४४ सालीं, पुण्यास कृत्रिम अवयवांचें केंद्र स्थापन झालें.

तथापि विश्रांतीच्या पक्षास खरा हादरा दिला तो लहान मुलांच्या पोलिओनें. पोलिओ झालेल्या मुलाचे हातपाय फळ्यांस किंवा प्लास्टरांत महिनोन्महिने जखडून ठेवावयाचे, हा सर्वमान्य प्रघात होता. ऑस्ट्रेलियांतील एलिझाबेथ केनी (१८८०–१९५२) ही परिचारिका, जिच्याजवळ कोणतीहि मोठी पदवी नव्हती, तिनें त्याविरुद्ध आवाज उठविला. लोंकरीचे कढत पट्टे बांधून स्नायूंची आखड सोडवावी आणि मुलास आपला पाय पुनः हालविण्यास शिकवावें, हें तिचें म्हणणें. क्वीन्सलंडच्या सरकारी चौकशीमंडळानें १९३८ सालीं तिच्याविरुद्ध अभिप्राय दिला. १९४० सालीं ती अमेरिकेस गेली आणि १९४२ सालीं मिनिआपोलिस शहरीं तिच्या नांवाची संस्था निघाली. रोगाच्या कारणांविषयींची तिची उपपत्ति शास्त्रज्ञांस पटली नाहीं, आणि ती बरोबरहि नव्हती. पण मुलांच्या अंगावरील प्लास्टर उतरलें तें तिच्यामुळेंच. उपपत्ति चुकीची व उपचार बरोबर, असें शास्त्राच्या इतिहासांत कधीं कधीं घडतें.

मुंबईचा या कथेशीं संबंध येतो तो येथेंच. १९५२ च्या सुमारास त्या शहरांत पोलिओची सांथ आली. लुळीं पडलेलीं मुलें घेऊन आया इस्पितळाच्या दारीं बसल्या आणि त्यांस चालावयास शिकविणारें शिक्षित माणूस मात्र देशांत दुर्मिळ होतें. तेव्हां जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्यानें १९५३ सालीं परळच्या के. ई. एम. इस्पितळांत फिजिओथेरपीची शाळा निघाली. दोन वर्षांनीं, १९५५ सालीं, या धंद्याच्या लोकांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली आणि हाजीअलीस पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्थाहि आली. ज्या रोगानें ही विद्या आणली तो देशांतून गेला. १३ जानेवारी २०११ नंतर भारतांत नैसर्गिक पोलिओचा एकहि रोगी आढळला नाहीं, आणि २७ मार्च २०१४ रोजीं तसें अधिकृतपणें जाहीर झालें. रोग गेला, विद्या राहिली. आतां तिच्या दारीं अर्धांगवायूचे, मणक्याचे व गुडघ्याचे रोगी येतात.

राहतां राहिली पाठ. तिच्या बाबतींत विश्रांतीचा पक्ष सर्वांत उशिरां हरला. १९८६ सालीं अमेरिकेंतील एका प्रयोगांत पाठदुखीच्या २०३ रोग्यांचे दोन वर्ग करून एकास दोन दिवस व दुसऱ्यास सात दिवस अंथरुणांत राहण्यास सांगितलें. दोघांच्या प्रकृतींत फरक आढळला नाहीं. परंतु दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनीं कमी भरले. तेव्हांपासून साध्या पाठदुखीस ‘पडून राहा’ हा सल्ला वैद्यकानें हळूहळू मागें घेतला. आमच्या घरांनीं तो अद्याप घेतलेला नाहीं.

येथें हा इतिहास केवळ इतिहास राहत नाहीं. घरांतील म्हातारी न्हाणीघरांत घसरते, खुब्याचें हाड मोडतें, शस्त्रक्रिया यथास्थित होते; डॉक्टर दुसऱ्या दिवसापासून उभें करा म्हणतात. मग घरचें प्रेम आडवें येतें. ‘तिला दुखतें, कशाला छळतां?’ म्हणून मुलगा रागावतो. सून उशाशीं पाणी, पायाशीं भांडें ठेवते. शेजारपाजारचे ‘किती सेवा करतात’ म्हणून वाखाणतात. अंथरुणावरच्या त्या सेवेंत मांडीचे स्नायु वितळतात, पाठीस जखमा पडतात, छातींत कफ सांचतो. आणि जी बाई आपल्या पायांनीं देवघरापर्यंत गेली असती ती पुनः उठत नाहीं. येथें निर्दयता कोणाचीच नसते. असतें तें आंधळें वात्सल्य. यंत्राचा शेक रोग्यास आवडतो, कारण तो दुसरा कोणी देतो. व्यायाम आवडत नाहीं, कारण तो स्वतः करावा लागतो. पण रोगी पायावर उभा राहतो तो बहुतेक दुसऱ्यामुळेंच.

ज्याचें पोट रोजच्या मजुरीवर आहे त्यास सहा आठवडे उपचारगृहाच्या खेपा घालणें परवडत नाहीं, हेंहि खरें. आणि त्यासाठीं ही विद्या सरकारी दवाखान्यांतून गांवोगांवीं पोंचली पाहिजे. २०२१ च्या कायद्यानें या धंद्यास राष्ट्रीय नियमनाच्या कक्षेंत घेतलें, हें योग्यच झालें. परंतु जो मध्यमवर्ग आज ती सुखानें विकत घेऊं शकतो, त्यानें तरी ती अर्धवट टाकूं नये. दुखणें थांबलें कीं व्यायाम थांबतो, ही आमची नेहमींची रीत आहे. सुश्रुतानें मातीच्या गोळ्यावर थांबूं नये म्हणून पुढें मिठाचा खडा आणि त्याच्याहि पुढें दगड सांगितला. आमच्यांतील बहुतेक लोक मातीच्या गोळ्यावरच समाधान मानतात.